फूल पडलेल्या डोळ्यापासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत

पऱ्हाट्या उपटायचे दिवस आले की वरोरा तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते : बैलाच्या डोळ्यात फूल पडले. बैल मान तिरकी करून उभा असतो. डोळ्यातून पाण्याची धार, पापणी अर्धी मिटलेली, भोवती माश्या आणि बुबुळावर दुधाळ पांढरा ठिपका. कारण विचारले तर कुणी पऱ्हाटीचे खुंट सांगतो, कुणी तुराटीचे टोक, कुणी जोडीच्या बैलाचे शिंग. पराणीचा फटका सहसा कुणी सांगत नाही. तो डॉक्टरने ओळखायचा असतो.

असा डोळा दवाखान्यात पोचेपर्यंत त्यावर बरेच उपचार होऊन गेलेले असतात. मिठाचे पाणी, तंबाखूची चूळ, नाहीतर घरातल्या कुणासाठी तरी आणलेले उरलेले मलम. यातले मलम सर्वांत फसवे. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली लगेच उतरते, मालक निश्चिंत होतो आणि खालची जखम मात्र खोल जात राहते. संसर्ग झालेले पारपटल अक्षरशः वितळू लागते. पारपटल म्हणजे बुबुळावरची नितळ काच. कुत्र्यात तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशीच जास्त असते. बैलाची काच त्याहून जाड खरी, पण जखम चिघळली तर तीही दोन-तीन दिवसांत आरपार जाते, आणि मग डोळा काढण्यावाचून इलाज उरत नाही.

हे सारे रोज पाहणाऱ्या तालुक्यातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला वाटले की आपण जनावरांच्या डोळ्यांचेच डॉक्टर व्हावे, तर वाट कुठून जाते? वाट आहे. ती लांब आहे, तिचा शेवटचा टप्पा बहुधा परदेशात आहे आणि तिच्यावर कुठेही आडवाट नाही. पण तिची पहिली पाटी वरोऱ्यातच लागते.

सुरुवात बारावीपासून. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय, खुल्या गटासाठी किमान 50 टक्के गुण, प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 वर्षे पूर्ण आणि नीट परीक्षा. अनेक पालक नीट म्हणजे फक्त एमबीबीएस समजतात आणि पशुवैद्यकाचा स्वतंत्र अर्ज भरायचा राहून जातो. राज्यातल्या जागांचे प्रवेश महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडून होतात. हे विद्यापीठ 2000 साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपुरात, म्हणजे वरोऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. त्याच्या छत्राखाली 1886 पासूनचे मुंबईचे महाविद्यालय, 1958 चे नागपूरचे, 1972 चे परभणीचे, शिवाय उदगीर, शिरवळ आणि अकोला इथल्या संस्था येतात. शासकीय महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद देशपातळीवर भरते, त्यासाठी अर्ज वेगळा. नियम आणि तारखा दरवर्षी त्या-त्या वर्षीच्या सूचनेतूनच वाचाव्यात. कुणा ओळखीच्याने मागच्या वर्षी काय केले, यावर विसंबू नये.

पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. इथे डोळ्यांना वाटणीला फार थोडे येते. शल्यचिकित्सेच्या पेपरात काही प्रकरणे, प्रात्यक्षिकात काही डोळे. म्हणून ज्याला पुढे हाच विषय घ्यायचा आहे त्याने महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासून एक काम स्वतःहून सुरू करावे : नोंदवही. बघितलेला प्रत्येक डोळा त्यात उतरवायचा. जनावर, वय, कोणता डोळा, काय दिसले, काय केले, पुढे काय झाले, आणि शक्य तिथे मोबाइलवर काढलेला फोटो. परदेशातल्या रेसिडेन्सीत, म्हणजे तज्ज्ञ होण्यासाठीच्या प्रशिक्षणात, प्रत्येक रुग्णाची आणि प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ठेवणे बंधनकारकच असते. ती सवय विशीत लागली तर तिशीत ओझे वाटत नाही.

नोंद करायची तर तपासणी क्रमाने यायला हवी, आणि हा क्रम भल्याभल्यांचा चुकतो. कुठलाही थेंब टाकण्याआधी अश्रूंची चाचणी घ्यायची. शिर्मरच्या कागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि एक मिनिट मोजायचे. निरोगी कुत्र्यात पट्टी 15 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजते, 10 च्या आत राहिली तर डोळा कोरडा पडतो आहे असे समजावे. बधिर करणारा थेंब आधी टाकला की हा आकडा खोटा येतो. मग फ्लुओरेसिनचा नारिंगी रंग : जिथे पारपटलाचा वरचा थर निघालेला असेल तिथेच तो हिरवा चमकतो. त्यानंतर डोळ्यातला दाब. कुत्र्यात तो साधारण 10 ते 25 मिलिमीटर पारा एवढा असतो. आणि बाहुली मोठी करणारे थेंब सर्वांत शेवटी, दाब मोजून झाल्यावरच. कारण काचबिंदूकडे झुकलेल्या डोळ्यात बाहुली रुंदावली तर दाब आणखी चढू शकतो.

वासराची दृष्टी पाहताना आणखी एक फसगत होते. डोळ्यासमोर हात हलवला आणि त्याने पापणी मिटली नाही, की वासरू आंधळे आहे असे घाईने ठरवले जाते. ती प्रतिक्रिया जन्मजात नसते, वासरू ती जन्मानंतरच्या दिवसांत शिकते. आठवड्याभराचे वासरू हात पाहून डोळा मिटत नसेल, तर त्याला अंगणात दोन पाट्यांमधून चालवून पाहावे. उजेडात आणि अंधुक प्रकाशात, दोन्हीकडे.

पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करायची आणि पदव्युत्तर शिक्षणाकडे वळायचे. भारतात जनावरांच्या नेत्ररोगाचे अमेरिका-युरोपसारखे स्वतंत्र बोर्ड नाही. इथे एम.व्ही.एस्सी. पशुशल्यचिकित्सा आणि क्ष-किरणशास्त्र या विषयात करायची आणि प्रबंध डोळ्यांवर घ्यायचा, हा रुळलेला मार्ग आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. विद्यापीठाच्या जागांशिवाय भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतून इतर राज्यांतही जाता येते. चेन्नईचे मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय, लुधियानाचे गुरू अंगद देव विद्यापीठ आणि बरेलीजवळची इज्जतनगरची संशोधन संस्था ही नावे या विषयाच्या विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावीत.

संस्था निवडताना नावापेक्षा चार प्रश्न महत्त्वाचे. आठवड्याला डोळ्याचे रुग्ण किती येतात? शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणि स्लिट लॅम्प चालू स्थितीत आहेत का? मोतीबिंदू काढण्याआधी मागचा पडदा जिवंत आहे का, हे तपासायला इलेक्ट्रोरेटिनोग्राफी होते का? आणि सर्वांत मोलाचा प्रश्न : विद्यार्थ्याच्या हातात सुई कितव्या महिन्यात येते? हे प्रश्न फोनवर विचारून भागत नाही. तिकीट काढून जावे, ओपीडीत तीन दिवस उभे राहावे आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चहाला न्यावे.

हात मात्र कुठल्याही संस्थेची वाट पाहत नाही. मटणाच्या दुकानात सकाळी सांगून ठेवले की बोकडाचे डोळे मिळतात. माणसांच्या डोळ्यांचे शिकाऊ डॉक्टरही देशभर शेळ्या-बोकडांच्या डोळ्यांवरच हात बसवतात. डोळा त्याच दिवशी वापरायचा, ओल्या कापसात गुंडाळून डब्यात ठेवायचा, शिळा झाला की पारपटल फुगते आणि धुरकट होते. थर्माकोलच्या तुकड्यात खळगा करून डोळा त्यात टाचण्यांनी बसवायचा. पारपटलावर ब्लेडने चार मिलिमीटरची चीर द्यायची आणि भिंगाखाली 8-0 च्या धाग्याने ती शिवायची. हा धागा केसाहून बारीक असतो आणि पंख्याच्या वाऱ्याने उडतो. सुई पारपटलाच्या जाडीत खोल जायला हवी, पण आरपार नाही. वरवर गेली तर चीर आतल्या बाजूने उघडी राहते, आरपार गेली तर टाक्याच्या भोकातून पाणी झिरपते. शिवून झाले की सिरिंजने डोळ्यात पाणी भरायचे आणि चिरेवर फ्लुओरेसिनची पट्टी टेकवायची. हिरवी धार दिसली तर टाका उसवायचा आणि पुन्हा घालायचा. पहिल्या पन्नास डोळ्यांत धार दिसतेच. शंभराव्या डोळ्यात ती दिसेनाशी झाली तर त्या हाताला पुढे कुणी ना कुणी विचारतेच.

या टप्प्यावर माणसांच्या नेत्रशल्यचिकित्सकाशी ओळख करून घ्यावी. नागपूर किंवा सेवाग्राम वरोऱ्याहून दूर नाही. मोतीबिंदू फोडून शोषून घेणारे फेको तंत्र चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये माणसांसाठीच आणले आणि तेच यंत्र आज कुत्र्यांवर चालते. फरक भिंगात आहे. माणसात बसवायचे कृत्रिम भिंग साधारण 20 डायॉप्टरचे, कुत्र्याचे 41 च्या आसपास. कुत्र्याचे मूळ भिंगही माणसाच्या भिंगाहून बरेच जाड असते, त्यामुळे ते फोडायला वेळ लागतो आणि शस्त्रक्रियेनंतर डोळा अधिक सुजतो.

वरोऱ्याच्या विद्यार्थ्याजवळ आणखी एक शाळा आहे, ती पुस्तकात सापडत नाही. आनंदवनाच्या वाटेने मोठे झालेल्यांना कुष्ठरोगाने डोळा कसा जातो हे वेगळे सांगावे लागत नाही. चेहऱ्याची नस लुळी पडते, पापणी पूर्ण मिटत नाही, पारपटलाची संवेदना जाते, धूळ गेलेली कळत नाही आणि उघडा डोळा वाळून त्यावर व्रण पडतो. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये सुरू केलेल्या या कामाने दोन-तीन पिढ्यांना हे जवळून दाखवले आहे. पग किंवा शिह त्झू जातीच्या कुत्र्याचा बाहेर आलेला डोळा नेमक्या याच वाटेने बिघडतो. पापण्या मधोमध नीट मिटत नाहीत, संवेदना कमी असते आणि व्रण बरोब्बर मध्यभागी पडतो. आनंदवनात पापणीचे महत्त्व कळलेल्या मुलाला पगचा डोळा अर्ध्या वेळात समजेल.

आता परदेशाचा टप्पा. अमेरिकेत जनावरांच्या डोळ्यांचा तज्ज्ञ म्हणवून घ्यायचे तर त्यांच्या नेत्ररोग बोर्डाचे प्रमाणपत्र लागते. साधी शिबिरे किंवा अल्पमुदतीचे कोर्स कितीही चांगले असले तरी त्यांनी ते मिळत नाही. क्रम असा : पशुवैद्यक पदवी, मग एक वर्षाची रोटेटिंग इंटर्नशिप किंवा तिच्या तोडीचा अनुभव, मग बोर्डाच्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तीन वर्षांची रेसिडेन्सी. त्यानंतर कागदपत्रांची छाननी, त्यात स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेला शोधनिबंध येतो. मग परीक्षा, जिच्यात लेखी भागाबरोबर चित्रे पाहून रोग ओळखण्याचा भाग असतो. युरोपच्या पशुनेत्ररोग कॉलेजची रचना बरीचशी अशीच आहे. तिथल्या डिप्लोमेटला, म्हणजे मान्यता मिळालेल्या तज्ज्ञाला, दर पाच वर्षांनी आपली मान्यता पुन्हा सिद्ध करावी लागते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये सदस्यत्व आणि फेलोशिप अशा दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी काही वर्षे व्यवसाय केलेल्याला परीक्षेने गाठता येते, दुसरीसाठी देखरेखीखालचे प्रशिक्षण लागते. आशियाचे कॉलेजही उभे राहिले आहे आणि कोरियातले तज्ज्ञ त्यात पुढे आहेत. भारतातल्या तरुणांनी त्याकडे लक्ष ठेवावे.

हिशेब मांडला तर साडेपाच, दोन, एक आणि तीन मिळून साडेअकरा वर्षे होतात. बारावीनंतर लगेच सुरुवात केली आणि एकही वर्ष वाया गेले नाही तरी वय तिशीला टेकते. अमेरिकेच्या वाटेसाठी एम.व्ही.एस्सी. सक्तीची नाही. पण भारतातून जाणाऱ्याकडे ती असेल तर प्रबंध, निबंध आणि हाताला वळण या तिन्ही गोष्टी बरोबर जातात, म्हणून ती दोन वर्षे फुकट जात नाहीत.

अडथळा खरा तर जागांचा आहे. नेत्ररोगाच्या रेसिडेन्सीच्या जागा दरवर्षी मोजक्या निघतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा एका सामायिक मॅचिंग पद्धतीने भरल्या जातात. उमेदवार आपल्या पसंतीचा क्रम देतो, संस्था त्यांचा क्रम देते आणि संगणक जोड्या लावतो. इथे गुणांपेक्षा शिफारसपत्रे बोलतात, आणि पत्र अशा डिप्लोमेटचे हवे ज्याने उमेदवाराला काम करताना पाहिले आहे. म्हणून रेसिडेन्सीच्या दोन-तीन वर्षे आधी परदेशातल्या नेत्रविभागात दोन-तीन आठवडे निरीक्षक म्हणून जाणे ही चैन नाही, ती गरज आहे. तिथे जाताना नोंदवही बरोबर न्यावी.

परवान्याची बाजू वेगळी असते आणि ती आधी समजून घ्यावी. अमेरिकेत भारतीय पदवीवर थेट व्यवसाय करता येत नाही. परदेशी पदवीधरांसाठी चार टप्प्यांचा कार्यक्रम आहे : कागदपत्रे, इंग्रजी, मूलभूत व चिकित्सा ज्ञानाची परीक्षा आणि प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा. शिवाय तिथली राष्ट्रीय परवाना परीक्षा. काही राज्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात काम करण्यापुरती सूट मिळते, सगळीकडे नाही. अर्ज करण्याआधी त्या राज्याचा नियम लेखी मागवावा. रेसिडेन्सीत विद्यावेतन मिळते, पण तिथपर्यंतच्या परीक्षा आणि प्रवास यांचा खर्च स्वतःचा असतो. घरी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. शेती विकून जाण्याची ही वाट नाही. पदव्युत्तर शिष्यवृत्ती, मग नोकरी, मग अर्ज, असा थोडा सावकाश क्रम अधिक सुरक्षित आहे.

अभ्यासासाठी कर्क गेलट यांचा पशुनेत्ररोगावरचा ग्रंथ 1981 पासून आवृत्तीमागून आवृत्ती वाढत गेला आहे आणि परीक्षार्थी तोच उशाशी ठेवतात. 1998 मध्ये सुरू झालेले या विषयाचे आंतरराष्ट्रीय नियतकालिक महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मिळवावे आणि आठवड्याला एक निबंध वाचायची सवय लावावी. वाचता-वाचता एक गोष्ट ध्यानात येते. जगभरच्या निबंधांत कुत्री, मांजरे आणि घोडे भरपूर आहेत, आपल्याकडची जनावरे थोडी.

इथेच चंद्रपूर-गडचिरोलीच्या पशुवैद्याचे पारडे जड होते. गुरांच्या पोटात फारसा त्रास न देता राहणारा सेटारिया जातीचा जंत डासामार्फत घोड्यात जातो आणि कधी त्याच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पांढऱ्या दोऱ्यासारखा पोहताना दिसतो. बोस्टनच्या रेसिडेंटला हे चित्र बहुधा पुस्तकातच भेटते, आपल्याकडच्या डॉक्टरला ते दारात भेटू शकते. माश्यांमुळे पसरणारी गुरांची डोळ्यांची साथ, शेळ्यांच्या कळपात एकामागून एक लाल होणारे डोळे, हिरव्या चाऱ्याअभावी 'अ' जीवनसत्त्व कमी पडून रातांधळी झालेली वासरे, हे सारे इथे आहे. रानाची बाजू तर आणखी वेगळी. कमलापूरच्या शासकीय हत्ती कॅम्पातल्या हत्तीच्या डोळ्याला आपल्यासारखी अश्रुग्रंथीच नसते, ओलावा तिसऱ्या पापणीजवळच्या ग्रंथीतून येतो. ताडोब्याच्या वाघाची बाहुली घरच्या मांजरासारखी उभी चीर होत नाही, ती गोल आकसते. जखमी घुबड किंवा शिक्रा उपचाराला आला तर बाहुली मोठी करायचे नेहमीचे थेंब त्याच्यावर चालत नाहीत, कारण पक्ष्यांच्या बुबुळाचे स्नायू वेगळ्या जातीचे असतात. चंद्रपूरचे वन्यजीव उपचार केंद्र, नागपूरचे गोरेवाडा, हेमलकशाचे प्राण्यांचे अनाथालय, अशा ठिकाणी अनुभवी पशुवैद्याच्या हाताखाली परवानगीने आणि नम्रपणे काम पाहायला मिळाले, तर त्या नोंदी अर्जात उठून दिसतील. वन्यप्राण्यांच्या बाबतीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय फोटोसुद्धा काढू नये, हे मात्र पक्के.

सगळ्यांनाच बोर्डापर्यंत जायचे नसते, आणि न जाण्यात कमीपणा नाही. एम.व्ही.एस्सी.नंतर नागपूरसारख्या शहरात डोळ्यांचे काम करणाऱ्या पशुवैद्याला रुग्ण मिळतात. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतो, आणि त्यांचे मालक शस्त्रक्रियेसाठी विचारणा करतात. शासकीय सेवेत गेलेला पशुधन विकास अधिकारीही आपल्या दवाखान्यात फ्लुओरेसिनच्या पट्ट्या आणि एक चांगली बॅटरी ठेवून तालुक्याचे कितीतरी डोळे वाचवू शकतो. एवढेच की ज्याच्याजवळ बोर्डाचे प्रमाणपत्र नाही त्याने पाटीवर तसे सुचवणारी अक्षरे लावू नयेत. 'डोळ्यांच्या कामात विशेष अनुभव' हे शब्द प्रामाणिक आहेत आणि ते पुरेसे आहेत.

ज्याला निघायचे आहे त्याने आधी दोनशे पानी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर रकाने आखावेत. पहिली नोंद साधारण अशी दिसेल : बैल, सात वर्षे, उजवा डोळा, पऱ्हाटीचे खुंट लागून तीन दिवस, घरी मीठ टाकलेले. फ्लुओरेसिन हिरवे, मध्याच्या किंचित खाली, तांदळाच्या दाण्याएवढे. प्रतिजैविकाचे मलम, दिवसातून चार वेळा, स्टिरॉइड नाही, बैल सावलीत बांधायचा, वखराला जुंपायचा नाही. शेवटचा रकाना रिकामा सोडायचा. त्यात एकविसाव्या दिवशी मालकाच्या गोठ्यात जाऊन, पुन्हा पट्टी लावून, जे दिसेल ते लिहायचे.